पंप थांबवणारा हात

शनिवार, रात्री

आज सहाव्या मजल्याचा स्लॅब भरला. बाल्कनीकडे काँक्रीट वळणार तेवढ्यात सळईवाल्यांतल्या एका पोरानं हात वर करून पंप बंद करायला लावला. येण्याजाण्यात सळईची वरची जाळी पायाखाली दबली होती, तिला उचलून धरणाऱ्या चेअर (वाकवलेल्या सळईचे आधार) आडव्या पडल्या होत्या. बाल्कनीला पुढे आधार नसतो, तिचा सगळा ताण वरच्या सळईवर. ती खाली गेली तरी काँक्रीट वरून अगदी व्यवस्थित दिसतं. भिंतीलगत तडा जातो तो नंतर, लोक राहायला आल्यावर.

खाली मिक्सरच्या गाड्या उभ्या. गाडी भरल्यापासून दोन तासांत माल उतरायला हवा, म्हणून प्लँटचा माणूस घाई करत होता. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर मॅडम वर आल्या, जाळी पाहिली आणि म्हणाल्या, "आधी हे उचलून बांधा, मग पंप." त्या पोरावर कुणी आवाज चढवला नाही. मला फार बरं वाटलं.

पूर्वीच्या एका साइटवर असंच बोलणाऱ्या फिटरची (सळई बांधणाऱ्याची) अर्धी हजेरी कापलेली मी पाहिली आहे. त्यानंतर तिथे कुणीच काही दाखवेना. चेकलिस्टवर सह्या होत राहिल्या आणि चुका काँक्रीटखाली जात राहिल्या. टीममध्ये विश्वास आहे की नाही, हे मी आता एवढ्यावरच ओळखतो: वाईट बातमी वरपर्यंत किती वेळात पोहोचते? ती पहिल्यांदा दिसते सगळ्यात कमी रोजावरच्या माणसाला. बोलल्यानं त्याची खर्ची (आठवड्याची उचल) बुडणार नाही, ही हमी वरच्यांनीच द्यायची असते.

सेंट्रिंगवाल्या मामांचंही लिहून ठेवायला हवं. आधारांमधलं अंतर साडेचार मीटरहून जास्त असलेल्या स्लॅबखालचे टेकू साधारण १४ दिवस काढायचे नाहीत, असं आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं. तेवढे दिवस मामांच्या प्लेटा आणि जॅक (लोखंडी टेकू) इथे अडकतात, दुसऱ्या साइटवरून फोन सुरूच असतात. तरी पाचव्या मजल्याचा एक जॅकही त्यांनी आधी हलवला नाही. आणि त्यांचंच बिल आमच्याकडे मोजमापावाचून पडून आहे, हे मला पटत नाही. सोमवारी सकाळी टेप घेऊन त्यांच्यासमोर मोजमापं पुरी करणार, सह्या घेणार आणि बिल स्वतः अकाउंट्सला नेऊन देणार.