परसदारची ओळख

बेळगावच्या सरांची सर्दी उतरली आहे, पण खोकला अजून रेंगाळतोय. नागपूरच्या काकांनी कूलरच्या वाळ्याच्या ताट्या यंदाही बदलल्या नाहीत, त्यावरून त्यांच्या घरी धुसफूस चालू आहे. रत्नागिरीच्या ताईंच्या मांजरीनं माळ्यावरच्या गोधडीत पिल्लं घातली. आणि न्यू जर्सीच्या वैनींनी टबात लावलेल्या अळकुडीला पहिलं पान फुटलं. आज सकाळी डोंबिवलीहून निघालेल्या लोकलमध्ये उभ्या उभ्या मला इतक्या बातम्या कळल्या. यातल्या एकाचंही आडनाव मला सांगता येणार नाही.

आमचा ग्रुप घरच्या बागेचा. बाग हा शब्द इथे मोठ्या मनानं घ्यायचा. कुणाची गच्ची आहे, कुणाचं अंगण, पण निम्म्याअर्ध्यांची बाग माझ्यासारखीच खिडकीच्या ग्रिलमध्ये मावते, आणि खालच्या मजल्यावर पाणी ठिबकलं की बोलणी खाते. बियांची देवाणघेवाण करायची म्हणून काही जण एकत्र आले, त्यांनी आपापल्या ओळखीतले चारदोन ओढले. नियम मोजके आहेत. फोटो स्वतः काढलेलाच टाकायचा, सुप्रभातची चित्रं नकोत, राजकारण नको. व्हॉट्सअ‍ॅपनं २०२२मध्ये ग्रुपची मर्यादा २५६वरून आधी ५१२ आणि मग १०२४पर्यंत नेली तेव्हा कुणीतरी सुचवलं, आता आपणही वाढवू या. अ‍ॅडमिनबाई म्हणाल्या, "एवढ्यांच्या मिरच्या कोण बघणार?" विषय तिथेच मिटला.

मिरच्या बघणं हे खरंच काम आहे. कुणाच्या तरी मिरचीला चुरडा-मुरडा झालेलाच असतो. पानं आकसून वाटीसारखी झाली की फोटो येतो, आणि पाठोपाठ उपाय: आंबट ताक फवारा, कडुनिंबाच्या तेलात साबणाचं पाणी मिसळून मारा, शेंडे खुडून टाका, झाडच उपटून टाका. नागपूरचे काका विचारतात, "काऊन बा, पाणी जास्त टाकून राहिले का?" मग फोटोवाल्या बाई सांगतात की पाण्याचं काम नवऱ्याकडे आहे, नवरा सकाळी उठत नाही, रात्री अकराला बादली घेऊन जातो, कारण हल्ली त्याला झोप लागत नाही. मिरचीवरून सुरू झालेलं बोलणं असं झोपेवर जातं. कुणी जायफळ सुचवतं. कुणी म्हणतं, रात्रीचा चहा बंद करा. मिरचीचं पुढे काय झालं हे बरेचदा कळतच नाही, पण त्या गृहस्थांना आता झोप लागते हे मला पक्कं ठाऊक आहे.

आपल्याकडे ओळख करून घ्यायची एक ठरलेली पद्धत आहे. आडनाव काय, मूळचे कुठले, कुठे असता, मुलं काय करतात, फ्लॅट स्वतःचा का. एवढं झालं की समोरच्याला नेमक्या कप्प्यात ठेवता येतं, आणि मग निवांत गप्पा. लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस गुलाबजाम येईपर्यंत तुमची अर्धी वंशावळ काढून मोकळा होतो. जुन्या वाड्यांत पुढच्या दारानं येणारा माणूस असाच रीतसर यायचा: चपला काढ, ओसरीवर बस, पाणी पी, ख्यालीखुशाली. परसदारानं येणारीला यातलं काही नसे. ती विरजण मागायला यायची, विहिरीपाशी जरा टेकायची, आणि घरात काय शिजतंय, कोण रुसलंय, कुणाचा पाय मुरगळलाय हे तिला न विचारता कळायचं. या ग्रुपमधली सगळी माणसं माझ्याकडे परसदारानं आलेली आहेत. ओसरी त्यांनी बघितलेलीच नाही.

नावांची तऱ्हाही तशीच. कुणाच्या नंबरापुढे 'हरि ॐ', कुणाच्या 'स्माइल', एका गृहस्थांच्या नुसतीच दोन टिंबं. त्यामुळे मी नंबर साठवते ते माझ्या सोयीनं: गोगलगायवाले काका, अबोली सांगली, गांडूळखत नाशिक. बँकेत रांगेत असताना फोनवर 'गांडूळखत नाशिक' असं झळकलं, तेव्हा शेजारच्या बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं होतं.

आषाढ-श्रावण आला की ब्रह्मकमळाचा वाद येतो. दरवर्षी कुणीतरी रात्री दहाला फोटो टाकतं, फुलाला हळदकुंकू वाहिलेलं, खाली ओळ: 'हिमालयातलं दुर्मीळ फूल आमच्या घरी!' बेळगावच्या सरांना हे सहन होत नाही. ते वनस्पतीशास्त्र शिकवायचे, एवढं त्यांच्या लिहिण्यावरूनच कळतं. सर लांबलचक लिहितात. हा निवडुंग आहे, नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. आपण पान म्हणून लावतो ते पान नव्हे, चपटं झालेलं खोड आहे, म्हणून तर ते मातीत खोचलं की रुजतं. खरं ब्रह्मकमळ ते सॉस्युरिया ओबव्हॅलाटा, सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडचं राज्यफूल, आणि ते डोंबिवलीच्या ग्रिलमध्ये जगणार नाही. शेवटचं वाक्य मला उद्देशून असतं, कारण एके वर्षी हळदकुंकू वाहणारी मीच होते. सरांचं सगळं बरोबर आहे. पण रात्री नऊ-साडेनऊला ती कळी हलू लागते, सगळं घर दिवे बारीक करून खिडकीशी जमतं, शेजारचे बोलावणं नसताना येतात, आणि सकाळी फूल मान टाकून लोंबत असतं. अशा फुलाला काहीतरी वाहावंसं वाटणारच. मूळ मेक्सिकोचं असलं म्हणून काय झालं, मिरचीही तिकडचीच ना? हे मी ग्रुपवर लिहिलं, तर सरांनी अंगठा पाठवला. राग होता की कौतुक, कळलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मात्र सगळ्या ग्रुपला एका अळीनं वेड लावलं. ठाण्याची एक मुलगी आहे, कसली तरी परीक्षा देतेय, इतकंच माहीत. तिच्या कढीपत्त्यावर एक अळी निघाली. आधी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसत होती, काळपट, मधे पांढरा पट्टा, आणि चार जणांनी 'धुऊन टाक' असा सल्लाही दिला. सरांनी सांगितलं, थांबा, हे लिंबावर वाढणाऱ्या फुलपाखराचं पिल्लू आहे, कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला. मग रोज सकाळी अळीचा फोटो. ती हिरवीगार झाली, गुबगुबीत झाली. मुलीनं काडीनं हळूच शिवल्यावर तिनं डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुभंगलेलं शिंग बाहेर काढलं, त्याला उग्र वास येतो म्हणे. तो व्हिडिओ मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला. झाड लहान होतं, पानं संपत आली. "आमच्या घरी आठवडाभर फोडणीत कढीपत्ता नाही, ती जेवतेय," असं तिनं लिहिल्यावर पलीकडच्या स्टेशनात राहणाऱ्या एका काकू जुडी घेऊन तिच्या इमारतीच्या वॉचमनकडे देऊन आल्या. वर गेल्या नाहीत. "कशाला उगीच, पोरगी अभ्यास करत असेल."

अळीनं रेशमाचा बारीक पट्टा कमरेला बांधून कोष केला. आठ-दहा दिवसांत फुलपाखरू निघायला हवं होतं. बारा दिवस झाले, तेरा झाले. मग एका सकाळी फोटो आला: कोषाला टाचणीनं पाडावं तसं गोल भोक, आणि शेजारी चकाकणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या, डोळे ताणून बघाव्या लागतील इतक्या बारीक. सरांनी समजावलं की काही परजीवी माश्या अळीच्या नाहीतर कोषाच्या आत अंडी घालतात, त्यांची पिल्लं आतलं खाऊन बाहेर पडतात, निसर्गात हे नेहमीचं आहे. नेहमीचं असेल. त्या दिवशी ग्रुपवर दुसरा एकही फोटो आला नाही. संध्याकाळी नागपूरच्या काकांनी लिहिलं, "माशीलाही पोट असते न बाई." त्यावर मुलीनं हसरा चेहरा टाकला, तेव्हा जरा बरं वाटलं.

न्यू जर्सीच्या वैनींची मजा वेगळी. त्यांना आमच्या बिया पाठवता येत नाहीत. परवान्याशिवाय आणि तपासणीच्या दाखल्याशिवाय तिकडे बी टपालानं जात नाही, आणि २०२०मध्ये अमेरिकेत घरोघरी न मागवलेल्या बियांची पाकिटं चीनमधून येऊन पडली, तेव्हापासून वैनी जास्तच बिचकून असतात. कढीपत्त्याचं रोप न्यायलाही बंदी, कारण संत्र्या-लिंबांचा रोग पसरवणारी सायला नावाची कीड त्याच्यावरही पोसते. संत्र्याच्या गावचे काका हे वाचून लगेच म्हणाले, "बरोबर करतेत ते." मग वैनींनी चिनी दुकानातून खायच्या अळकुड्या आणल्या आणि टबात पुरल्या. मे महिना अर्धा सरेपर्यंत टब घरात, नंतर बाहेर, ऑक्टोबरात गारठा आला की पुन्हा कंद काढून तळघरात. अळूवडीसाठी एवढे सोपस्कार. आमच्याकडे मोरीच्या पाण्यावर फुकट येतं ते, असं रत्नागिरीच्या ताईंनी लिहिलं. थोडं लागेलसंच होतं, पण वैनींनी उलट विचारलं, "मोरी कुठल्या बाजूला? ऊन येतं का?"

आम्हा देशातल्यांची पाकिटं मात्र पोस्टानं फिरत असतात. वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली पुडी, भोपळ्यासारखं मोठं बी असेल तर शिक्क्याखाली चिरडू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांच्या मधे, आणि वर अक्षर: 'दोडका, गावठी. मागल्या सालचं बी. उगवेल बहुतेक.' एरवी सगळ्यांची अक्षरं मोबाइलवर एकाच वळणाची. पुडी आली की कळतं, काकांचं अक्षर मुलीसारखं गोलसर आहे आणि ताईंचं डॉक्टरसारखं.

हे काही नव्या जमान्याचं अप्रूप आहे असं मात्र मला वाटत नाही. विविध भारतीच्या फर्माइशींत झुमरी तलैयाच्या श्रोत्यांची नावं लहानपणी आम्हाला पाठ होती. झारखंडातलं ते गाव आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं, पण तिथल्या माणसांना कुठली गाणी आवडतात ते गल्लीतल्या माणसांपेक्षा जास्त माहीत होतं. फरक एवढाच की तेव्हा त्यांना आमची आवड कळवायची सोय नव्हती.

सगळं गोडच आहे अशातला भाग नाही. निवडणुकीच्या दिवसांत दोघांची जुंपली, एक जण ग्रुप सोडून गेला आणि त्याच्याबरोबर त्याचा उत्तम लसूणघासही गेला. एक ताई शेणखत विकायला आल्या होत्या हे उशिरा कळलं. आणि कुणाचं पोरगं दहावीला किती टक्क्यांनी पास झालं हे अधूनमधून येतंच, मग तीन दिवस अभिनंदनाच्या फुलांखाली खऱ्या फुलांचे फोटो गाडले जातात. तरी घरच्या नातेवाइकांच्या ग्रुपपेक्षा इथे मला मोकळं वाटतं. तिथे माझं काय चुकतं हे सगळ्यांना माहीत आहे, इथे फक्त माझ्या मोगऱ्याचं काय चुकतं ते.

सांगलीच्या अबोलीवाल्या काकू रोज सकाळी साडेसहाला एक फोटो टाकायच्या. अबोली, गोकर्ण, कधी नुसतीच ओली माती. एकदा सलग काही दिवस त्यांचा फोटो आला नाही. अ‍ॅडमिनबाईंनी फोन केला, तो मुलीनं उचलला. काकूंची बायपास झाली होती. सगळ्या गल्लीला माहीत होतं, नातेवाईक रांगेनं भेटून गेले होते, आम्हालाच पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच नंबरावरून ग्रुपवर मेसेज आला: 'मी मुलगी. आई कुंड्यांची काळजी करतेय. कुठल्या कुंडीला किती पाणी घालायचं मला माहीत नाही, तिला सध्या बोलू द्यायचं नाहीये.' त्यानंतरचा अर्धा तास मी विसरणार नाही. पिंपाशेजारच्या अडेनियमला अजिबात नको, बुंधा कुजतो. अबोली उन्हाच्या बाजूला आहे, तिला दोन वेळा. निळ्या डब्यातल्या पुदिन्याला खालून भोक नाही, कपभरच. जिन्यातल्या मनीप्लांटचं पाणी बदलायचं, त्यात एक मासा आहे, तो टाकून देऊ नकोस. त्या घराचा उंबरा आमच्यापैकी कुणीच ओलांडलेला नव्हता. मुलीनं शेवटी लिहिलं, 'मासा आहे हे मलाही माहीत नव्हतं.' काकू आता बऱ्या आहेत. फोटो आठला येतो, डॉक्टरांनी लवकर उठायला मनाई केली आहे.

यंदा जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या पुष्पप्रदर्शनाला जमायचं ठरलं. फाटकाशी आम्ही एकमेकांना ओळखलं नाही, हे सांगायला नकोच. काका आवाजावरून भारदस्त वाटायचे, निघाले किडकिडीत. रत्नागिरीच्या ताईंच्या हातात भली मोठी पिशवी होती आणि तिच्यातून शेंडे डोकावत होते, त्यावरून त्या सापडल्या. पहिली पाच मिनिटं सगळेच अवघडलेले, "ऊन आहे ना बरंच," वगैरे. मग ताईंनी पिशवीतून फांद्या वाटायला काढल्या आणि गलका सुरू झाला.

तेवढ्यात बेळगावचे सर दिसेनासे झाले. शोधत गेलो तर ते रोपांच्या एका स्टॉलवर उभे. कुंडीला पाटी होती 'ब्रह्मकमळ', आणि सर स्टॉलवाल्याला कुळ, जाती, मेक्सिको सगळं सांगत होते. भोवती गिऱ्हाइकं जमलेली. स्टॉलवाला बिचारा शांतपणे ऐकत होता. आम्हाला बघून त्यानं हळूच विचारलं, "कुठल्या कॉलेजात शिकवायचे हो हे?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कुणालाच माहीत नव्हतं.

"ते राहू द्या," रत्नागिरीच्या ताई म्हणाल्या, "त्यांचा डावा गुडघा दुखतो. खुर्ची असली तर द्या आधी, अजून बराच वेळ बोलणार आहेत ते."