घासकाम

हर्णै बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं दुकान आहे. पाटीवर 'रेडियम, नंबरप्लेट, बॅनर' लिहिलंय आणि पोट त्यावरच चालतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमा जवळ आली की सगळ्यांना एकाच आठवड्यात नावं रंगवून हवी असतात. त्याआधीच्या रिकाम्या दिवसांत मी विमानांची मॉडेलं करतो. वर्षाला सात-आठ होतात. गिऱ्हाईक किंमत ऐकून दरवेळी एकच वाक्य बोलतं, "स्टिकरच तर लावायचेत ना?" पूर्वी समजावत बसायचो. आता चहा सांगतो आणि गप्प बसतो.

जुलैच्या सुरुवातीला आंजर्ल्याहून एक काकू आल्या. सत्तरी ओलांडलेल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत जुना खोका, खोक्यात नौदलाच्या जुन्या लढाऊ विमानाचं, सी हॉकचं मॉडेल. बाहत्तरपट लहान, म्हणजे खरं विमान १२ मीटर तर हे जेमतेम १७ सेंटिमीटर. त्यांचे यजमान नौदलात मेकॅनिक होते, 'विक्रांत'वर याच विमानांची देखभाल करायचे. ४ डिसेंबर १९७१ला याच सी हॉकनी 'विक्रांत'वरून उडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला, तेव्हा ते जहाजावर होते. निवृत्तीनंतर त्यांनी हे मॉडेल जोडायला घेतलं, जोडून पूर्ण केलं, रंगाला हात लावला नाही आणि खोका माळ्यावर गेला. "बावीस दिवसांनी ह्यांचं वर्षश्राद्ध आहे. फोटोपाशी ठेवायचंय," काकू म्हणाल्या.

मॉडेल हातात घेतलं तर नाक जड. तीन चाकांच्या विमानाचं मॉडेल नाकात वजन नसेल तर शेपटीवर बसतं, म्हणून आत काहीतरी भरावं लागतं. मी नट भरतो. यांनी जाळ्याला लावतात ते शिसं ठेचून भरलं होतं, खालच्या फटीतून दिसत होतं. माणूस कामाचा होता. फक्त गोंद सढळ हाताने वापरलेला. मॉडेलचा गोंद चिकटवत नाही, प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करतो. त्या मऊ झालेल्या प्लॅस्टिकला बोट लागलं की जे उमटतं ते कायमचं.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडचा पोरगा, बारावी नापास पण नजर तीक्ष्ण, मॉडेल बल्बखाली धरून म्हणाला, "दादा, हे बघा. अंगठा."

डाव्या पंखाच्या मुळाशी, जिथे पंख धडाला मिळतो आणि मागे इंजिनाचं धुराडं उघडतं, तिथे अख्खा ठसा होता. रेषान् रेष दिसत होती. जोड पक्का होईपर्यंत त्यांनी तिथे दाबून धरलं असणार.

"गोंदाचा डाग आहे. चारशे नंबरच्या घासकागदाने घास, मग आठशे, मग बाराशे पाण्यात," मी म्हणालो.

त्याने विचारलं, "घासू ना नक्की?"

"मग काय, तसाच रंगवणार?"

मी तेव्हा एका ट्रॉलरची पाटी कापत होतो. मानही वर केली नव्हती.

पुढचं काम मात्र मी स्वतः केलं, आणि ते चांगलं झालं हे सांगायला मला लाज नाही. वरून गडद समुद्री करडा, खालून फिकट हिरवट, ब्रिटिश नौदलाची जुनी जोडी. खरी कसोटी डेकलची होती, म्हणजे कागदावरून पाण्यात सोडवून मॉडेलवर बसवायच्या पातळ छापील अक्षरांची आणि चिन्हांची. खोक्यातला कागद तीसेक वर्षांचा, हळदीसारखा पिवळा पडलेला. असा कागद खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेवला की पिवळेपणा उतरतो, पण आमच्याकडे जुलैत ऊन कुठून आणणार? त्यातलं नको असलेलं एक अक्षर पाण्यात टाकून पाहिलं. अर्ध्या मिनिटात त्याचे अकरा तुकडे तरंगायला लागले.

म्हणून कागदावर आधी लॅकरचे दोन हात मारले, म्हणजे फुटका पापुद्रा पुन्हा एकसंध होतो. मात्र मग पूर्ण कागदावर एकच पापुद्रा चढतो आणि प्रत्येक आकडा काठाला लागून वेगळा कापावा लागतो. गोलाकार चिन्ह तर कागदावर होतं ते ब्रिटिश. आपलं, बाहेर केशरी, मग पांढरं, मध्ये हिरवं, मी रेडियमच्या मशीनवर कड्या कापून एअरब्रशने रंगवलं. नंबर काकूंच्या यजमानांनी खोक्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवला होता. त्यांच्या हाताखालचं विमान असावं. कागदावर होतं 'रॉयल नेव्ही'. 'नेव्ही'तला एन उचलला आणि 'रॉयल'मधल्या एलचा आडवा पाय तोडून आय केला. झालं 'आयएन', इंडियन नेव्ही. एक ३ कमी पडत होता, तो ८च्या डाव्या बाजूला दोन खाचा देऊन काढला. चिमट्यात धरलेला तो तीन मिलिमीटरचा ३ मी पोराला दाखवला. तो म्हणाला, "चीटिंग." पण हसत होता.

डेकल बसवायचं तंत्र साधं, पण धीर लागतो. खालचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत हवा. मॅट रंग जवळून पाहिला तर खरखरीत असतो, त्या खळग्यांत हवा अडकते आणि डेकलखाली चंदेरी चट्टा दिसतो. म्हणून आधी चकचकीत वॉर्निश, मग पाण्यातून काढलेलं डेकल सरकवून जागेवर, मग ते मऊ करणारं द्रावण. द्रावण लागलं की डेकल आक्रसतं, त्याला सुरकुत्या पडतात, नवशिक्या घाबरून बोट लावतो आणि तिथेच सगळं जातं. हात मागे बांधून बसायचं. सुकताना ते आपोआप ताणलं जातं आणि पत्र्याच्या जोडरेषांत उतरतं.

शेवटचा हात मॅट वॉर्निशचा. श्राद्धाला दोन दिवस राहिले होते. सकाळपासून पाऊस असा की समोरचं मेडिकल दिसत नव्हतं. इंटरनेटवर शिकवणारे सांगतात, पंधरा मिनिटांत सुकतं. त्यांनी एकदा श्रावणात आमच्याकडे येऊन टॉवेल वाळवून दाखवावा. माझ्याकडे कोंबडीच्या पिल्लांसाठी केलेली बल्बची पेटी आहे, मॉडेल तिच्यात तासभर तापवून घेतो आणि मग फवारतो. त्या दिवशी तापवताना लाईट गेली. दोन तास वाट पाहिली. लाईट आली तेव्हा पेटी गार झालेली होती आणि मी घाई केली.

फवारा मारला आणि डोळ्यांदेखत वरचा गडद करडा रंग दुधाळ झाला. लॅकरमधला थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, मग हवेतलं बाष्प तिथेच धरतं. गार भांड्याला बाहेरून पाणी सुटतं तसंच, फक्त इथे ते वॉर्निशच्या आत अडकतं. सगळे नंबर, सगळी चिन्हं जणू धुक्यात गेली.

यावर उपाय म्हणजे सावकाश उडणारा थिनर नुसता फवारायचा, म्हणजे वॉर्निश पुन्हा सैल होऊन पाणी निघून जातं. पण जरा ओला हात बसला तर तोच थिनर खालचं डेकल खातो. माझा ८चा ३ पहिला गेला असता. पेटी पुन्हा तापवली, मॉडेल तापवलं, दीड हातावरून नुसती वाफ गेल्यासारखे चार फवारे दिले, प्रत्येकामध्ये दहा मिनिटं. पोरगा टॉर्च धरून उभा. तिसऱ्या फवाऱ्याला नाकाकडून करडा परत यायला लागला. चौथ्याला सगळं विमान परत आलं, आणि एकही डेकल हललं नाही. वडे आणून खाल्ले आम्ही.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. टेबलावर पांढऱ्या कापडावर विमान ठेवलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, वाकल्या, नंबर मोठ्याने वाचला. मग उचललं. डाव्या हातात, अंगठा पंखाच्या मुळाशी.

तिथे त्यांचा अंगठा थोडा फिरला. आधी आल्या होत्या तेव्हाही त्यांनी असंच धरलं होतं का? धरलं होतं असं मला आता वाटतं, पण ते खरंच आठवतंय की मी मागून जोडतोय, सांगता येत नाही. तिथे आता काहीच नव्हतं. बाराशेच्या कागदानंतर प्लॅस्टिक काचेसारखं होतं.

"किती सुंदर केलंस रे," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या हातचं वाटतच नाही."

पोराने माझ्याकडे पाहिलं. मी बिलबुक ओढलं.

सांगावं की न सांगावं, हे मी तेव्हाही ठरवू शकलो नाही. सांगून काय होणार होतं? ठसा परत येत नाही. आणि न सांगून मी कुणाला वाचवलं, तेही नीट कळत नाही. पोरगा तर नंतर म्हणाला, "मी विचारलं होतं तुम्हाला." विचारलं होतंच. दोनदा.

बिलात रंगकाम, डेकल, वॉर्निश आणि चौथी ओळ घासकाम, ३०० रुपये. ती ओळ मी पेनाने खोडली.

"हे का रे कमी केलंस?"

"राहू दे काकू. थोडंच होतं."

"असं नको. काम केलंस त्याचे पैसे घे," म्हणून त्यांनी शंभराच्या तीन नोटा वेगळ्या मोजून काचेवर ठेवल्या, विमान काजूच्या रिकाम्या खोक्यात कापसावर निजवलं आणि रिक्षावाल्याला हाक मारली.