लाल बटण आणि खिशातली वही

भोसरीतल्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून-कापून भाग बनवणाऱ्या विभागात, मी ९ वर्षे सुपरवायझर होतो. दर मार्चमध्ये एचआरकडून कर्मचाऱ्यांची कामातली गुंतवणूक मोजणारी प्रश्नावली येत असे आणि पाळी सुटण्याआधीच्या दहा मिनिटांत सगळेजण ५ पैकी ४ वर खूण करून मोकळे होत. आमचा विभाग त्यात कायम वरच्या क्रमांकावर असे, आणि मला त्याचा अभिमानही वाटे.

तिथल्या एका ऑपरेटरच्या खिशात छोटी वही असे. अधूनमधून तो एक पीस उचलून त्याच्या कडेवरून नख फिरवायचा आणि बर, म्हणजे कापलेल्या कडेवर उरलेली धातूची खरखर, जाणवला की प्रेसच्या स्ट्रोकचा (ठोक्यांचा) आकडा टिपून ठेवायचा. हे त्याला कोणी सांगितले नव्हते, पण डायला, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्याला, धार कधी लावावी लागणार हे त्या वहीमुळे त्याला आमच्या वेळापत्रकाच्या आधी कळे. व्यवस्थापनाचे अभ्यासक चार्ल्स मान्झ यांनी १९८६ मध्ये ‘सेल्फ-लीडरशिप’ची, म्हणजे स्वतःच स्वतःला दिशा देण्याची, मांडणी करताना स्वतःच्या वागण्याचे निरीक्षण आणि कामातूनच मिळणारे समाधान यांना महत्त्व दिले होते, ते नाव त्या ऑपरेटरने ऐकले नव्हते आणि तेव्हा मीही नाही.

एका दुसऱ्या पाळीत तो म्हणाला, “साहेब, बर येतोय, डाय उतरवू या का?” माल न्यायला गाडी गेटवर उभी होती. “एवढी गाडी जाऊ दे, मग बघू,” असे म्हणून मी पुढे गेलो. माल परत आला, आणि त्यानंतर ती वही दिसेनाशी झाली. पुढच्या मार्चमध्ये त्यानेही ४ वरच खूण केली.

संघटनांचे अभ्यासक विल्यम कान यांनी १९९० मध्ये उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि एका वास्तुरचना संस्थेतले कर्मचारी यांचा अभ्यास करून माणूस कामात मनाने उतरण्यामागच्या तीन अटी सांगितल्या: कामाला अर्थ वाटणे, पुढे होण्यात धोका नसणे आणि त्यासाठी अंगात बळ उरलेले असणे. मी मोडली ती मधली. टोयोटाच्या कारखान्यात कामगाराने दोरी ओढली किंवा बटण दाबले की टीम लीडर मदतीला येतो आणि ठरलेल्या वेळेत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. आमच्याकडेही त्याच धर्तीवर लाल बटण बसवले होते, मात्र ते दाबणाऱ्यालाच वाया गेलेल्या मिनिटांचा खुलासा लिहून द्यावा लागे. साहजिकच बटणावर धूळ बसली होती.

तो खुलाशाचा कागद बंद करायला वरची मंजुरी मिळेपर्यंत दोन महिने गेले. डाय उतरवण्याचा निर्णय ऑपरेटरचा, असे मी सगळ्यांसमोर सांगितले, तरी आठवडाभर कोणी बटणाकडे फिरकले नाही. नवव्या दिवशी त्यानेच ते दाबले, आणि नेमकी तेव्हाही गाडी गेटवर होती. मी घड्याळाकडे न पाहता पाना आणायला गेलो. वही मात्र त्याने पुन्हा काढलेली मला दिसली नाही.