तुम्ही विचारलंत म्हणून: उभंही राहता येत नाही अशी केबिन कशाला?

"एवढ्या पैशांत पुढे उघडी असलेली चांगली बोराइडर बोट आली असती. पुढे-मागे मिळून दहा माणसं बसली असती. उभंही राहता येत नाही असली केबिन घेऊन काय मिळवलंत?"

मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या घरी पॉटलकला, बोट पाण्यात सोडताना रॅम्पवर, आमच्या मेरीलँडच्या मराठी गोतावळ्यात कुणी ना कुणी हे विचारतंच. बहुतेकदा माझ्या नवऱ्याला विचारतात. बोट मी निवडली आणि मीच चालवते हे ठाऊक असलेलेही त्यालाच विचारतात. आजवर "चेसापीक खाडीवर दुपारची वादळं येतात, आत शिरता येतं" एवढं सांगून मी विषय मिटवत आले. ते खोटं नाही, पण खरं कारण वेगळं आहे, आणि अर्धवट उत्तरं देऊन देऊन आता मलाच वीट आलाय.

तुमच्या म्हणण्यातलं जेवढं बरोबर आहे ते आधी मान्य करते. आमची बावीस फुटी बोट कडी केबिन प्रकारची, म्हणजे पुढच्या टोकाला बुटकी बंद केबिन असलेली, आणि जुलैच्या दुपारी ती केबिन आत बसण्यालायक नसते. वरची झडप उघडली, छोटा पंखा लावला, तरी कपडे अंगाला चिकटतात. ऱ्होड नदीत नांगर टाकून आम्ही दोघं एकदा तिच्यात झोपलो. गादी इंग्रजी व्ही आकाराची, त्यामुळे डोकी लांब आणि पावलं एकमेकांवर. पहाटे छताच्या फायबरग्लासवर दव साचून कपाळावर थेंब पडायला लागले. झडप उघडावी तर डास. पुन्हा तो घाट घातला नाही. "मुक्कामाला उपयोगी पडते" असं मी कुणालाही सांगितलेलं नाही.

वादळाचंही तसंच. चेसापीक खाडी लांबीला जवळपास 200 मैल, पण सरासरी खोली जेमतेम 21 फूट. उथळ पाण्यातल्या लाटा आखूड आणि उभ्या. ओहोटीचं पाणी दक्षिणेला निघालेलं असताना दक्षिणेचाच वारा समोरून आला, की बोट एका लाटेवरून दुसरीवर आपटत जाते. तेव्हा केबिनमध्ये बसलेल्याला मळमळायला लागतं आणि तो आपणहून बाहेर येतो. पाऊस चुकवायला केबिन बरी, खवळलेल्या पाण्यात तिचा फार आधार नाही.

रुंदीचा मुद्दा मात्र तुमच्यापैकी कुणी काढत नाही, आणि माझ्या मते सगळं तिथेच अडतं. अमेरिकेत खास परवाना न काढता ट्रेलरवरून साडेआठ फूट रुंदीपर्यंतचीच बोट नेता येते. आमच्यासारखे, जे घराशेजारी बोट ठेवतात आणि सँडी पॉइंटच्या रॅम्पवर नेऊन सोडतात, त्यांनी या साडेआठ फुटांचीच वाटणी करायची. बोराइडर पुढचा भाग उघडा ठेवून तिथे बसायची सोय करते. कडी केबिन त्याच जागेवर छप्पर घालते. वॉकअराउंड दोन्ही बाजूंनी पायवाट काढते, म्हणजे नांगर टाकायला सरळ चालत पुढे जाता येतं, पण केबिन तेवढी अरुंद होते. मी पाच फूट एक इंच उंच. आमच्या बोटीत नांगर टाकायचा तर मी केबिनच्या गादीवर उभी राहते, झडपेतून छातीपर्यंत वर येते आणि हात लांबवून साखळी सोडते. वॉकअराउंडमध्ये हे कितीतरी सोपं झालं असतं. तेही मान्य.

तरी छपराची घेतली, कारण माझी आई.

त्या उन्हाळ्यात ती गुहागरहून आमच्याकडे आली होती. वय सत्तरीपुढे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाण्याची हौस मात्र तशीच. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात गेल्याच्या तिच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. एका मित्राने शनिवारी त्याच्या बोराइडरवर बोलावलं. तेव्हा आमची बोट नव्हती, घ्यायचं चाललं होतं, आणि मी अगदी ठामपणे बोराइडरच्या बाजूची होते.

साउथ नदीतून बाहेर पडलो. आई सगळ्यात पुढच्या गादीवर, ओढणी गळ्याशी घट्ट बांधून, दोन्ही हातांनी दांडी धरून बसली होती. थॉमस पॉइंटचं दीपगृह जवळून पाहिलं. खाडीच्या तळात स्क्रूसारखे पिळून बसवलेले लोखंडी खांब आणि त्यांवर उभं असलेलं ते षट्कोनी लाकडी घर, 1875 सालचं. "ह्यात माणसं राहायची? आणि वाणसामान?" असं तिने विचारलं, आणि मित्राने बोट पुन्हा एकदा त्याच्याभोवती फिरवून दाखवली. तिथपर्यंत दिवस फार छान गेला.

मग ऱ्होड नदीत नांगर टाकला. ओळखीच्या आणखी दोन बोटी शेजारी येऊन बांधल्या गेल्या, गाणी लागली, खाणं निघालं. आईच्या हातात लिंबू सरबताचा ग्लास होता. बर्फ विरघळला, सरबत फिकं पडलं, पण ग्लास तेवढाच भरलेला. "आई, पी ना." "पितेय गं." ओठांना लावायची आणि खाली ठेवायची. मी हळूच विचारलं, "जायचंय का?" तिने मान हलवून नाही म्हटलं. थोड्या वेळाने ती शेजारच्या बाईंना विचारताना मला ऐकू आलं, "अजून किती वेळ हो?"

मी मित्राला बाजूला घेऊन म्हटलं, आईला जायचं असणार, जरा गेल्सव्हिलला धक्क्याला लावू या का. तो म्हणाला, "अगं, पाण्यात उतरू दे ना, सगळे तेच करतात." तो वाईट माणूस नाही. पुरुष मागच्या फळीवर उभे राहून मोकळे होत होते, पोरं पाण्यात उड्या मारत होती, त्याच्या लेखी ही अडचणच नव्हती. पण जुलै-ऑगस्टात चेसापीकमध्ये सी नेटल नावाच्या जेलीफिशचा सुळसुळाट असतो, अंगाला लागल्या की चटके बसतात. शिवाय आईला तो गुडघा वाकवून शिडी चढता येत नव्हती. आणि हे काही नसतं, तरी सत्तरीची बाई, जावयाच्या मित्रांसमोर, कशाला उतरतेय हे प्रत्येकाला कळत असताना पाण्यात उतरली असती?

तेवढ्यात पश्चिमेला ढग भरून आले, विजा दिसायला लागल्या. मित्र म्हणाला, आता उघड्या खाडीत जाण्यापेक्षा इथेच थांबू. तो निर्णय योग्य होता. कापडी छताखाली आम्ही सगळे दाटीने बसलो, पाऊस आडवा येत होता. आई दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवून, डोळे मिटून बसली होती. बाकीच्यांना वाटलं विजांना घाबरली. कुणीतरी तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणालं, "काकू, घाबरू नका."

धक्क्याला लागल्यावर ती उठली आणि तिच्या पायांतली ताकदच गेली. खांबाला धरून उभी राहिली. तिथून स्वच्छतागृहापर्यंतच्या फळ्यांवर काय झालं ते मी लिहिणार नाही. रात्री थंडी वाजून ताप भरला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, लघवीचं इन्फेक्शन आहे आणि अंगातलं पाणी फार कमी झालंय. सकाळच्या अर्ध्या कप चहानंतर तिने दिवसभर घोटभरही काही घेतलं नव्हतं. ठरवून. एसटीने मुंबईला येता-जाता ती जन्मभर हेच करत आली. तिची आई, मावश्या, शेजारणी, सगळ्याच. गोळी घेताना मला म्हणाली, "तुमचा दिवस खराब झाला माझ्यामुळे."

मला तिचा राग आला. अजूनही येतो. सांगायला काय झालं होतं? मग वाटतं, सांगून तरी काय होणार होतं? दहा माणसं बसतील अशी ती बोट, पण तिच्यावर बंद होईल असं दार एकही नव्हतं.

त्या ऑक्टोबरात ॲनापोलिसच्या पॉवरबोट शोला मी टेप घेऊन गेले. विक्रेते इंजिनाच्या ताकदीबद्दल सांगत बाहेर उभे असायचे आणि मी केबिनमध्ये शिरून, दार ओढून घेऊन टॉयलेटवर बसून बघायची. तुम्हीही हे करून बघा, मग बोला. बऱ्याच बोटींत टॉयलेट मधल्या गादीखाली असतं. गादी उचलायची, पण ठेवायची कुठे? बसल्यावर माझ्यासारखीचं डोकं छताला लागतं, तर उंच बाईने काय करायचं? सरकत्या काळपट दाराला बाहेरून कुलूप असतं, आतून खिटी नसते. कॉकपिटमधून, म्हणजे मागच्या उघड्या भागातून, आत उतरायची पायरी चांगली दीड फूट खोल, आणि धरायला हाताशी काहीच नाही. आमच्या पाण्यासाठी खोल व्ही तळाची बोट हवी, चालताना ती लाटा कापते. पण थांबल्यावर तीच जास्त डुलते, म्हणजे आत बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर दांडी हवीच. हे कुठल्याही माहितीपत्रकात मला सापडलं नाही.

नव्या बोटींत कडी केबिन आता कमीच दिसतात, म्हणून वापरलेली शोधली. दाराला आतून खिटी, आत स्टीलची दांडी आणि एक घडीची पायरी आम्ही बसवून घेतली. पोर्टा-पॉटी, म्हणजे उचलून नेता येणारं टॉयलेट, आळीपाळीने पंप-आउटवर, म्हणजे मैला उपसून घेणाऱ्या केंद्रावर, नेऊन रिकामी करतो, कारण न शुद्ध केलेली घाण खाडीत सोडायला कायद्याने बंदी आहे आणि ती असायलाच हवी. बंद जागेचे धोकेही सांगते. मागचं कापडी छत सगळीकडून लावून इंजिन चालू ठेवलं, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड बोटीत ओढला जातो. त्याला रंग नाही, वास नाही. आमच्या केबिनमध्ये त्याचा अलार्म आहे, आणि आत कुणी असताना मी इंजिन नुसतं सुरू ठेवत नाही. इंजिन बोटीच्या आत असल्यामुळे पेट्रोलची वाफ तळाशी साचू शकते, म्हणून सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे ती वाफ बाहेर काढणारा पंखा. पाहुण्यांना ही चार मिनिटं फार वाटतात. तरीही मी ती सोडत नाही.

त्या उन्हाळ्याआधीची मी अजूनही माझ्याशी भांडते. ती म्हणते, वर्षातून कितीदा कुणाला गरज पडते? बाकीच्या वेळी त्या केबिनमध्ये लाइफ जॅकेटं आणि पिशव्याच पडलेल्या असतात, आणि चार माणसांच्या पुढे बोलवायचं म्हटलं की तुला जागा मोजावी लागते. यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. एवढंच सांगते, की आता आमच्याकडे येणाऱ्या बायका पाणी पितात. पूर्वी "आज नको गं, तुम्ही जाऊन या" म्हणणाऱ्या दोघी-तिघी आता येतात. त्यांना कारण मी विचारलेलं नाही, त्यांनीही सांगितलेलं नाही. तुम्ही विचाराल, हा पुरावा आहे का? नसेल.

आणि एक गोष्ट, जी मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. आई पुन्हा आली तेव्हा तिला आमच्या बोटीवर नेलं. निघताना तिने पूर्ण कप चहा घेतला. वाटेत मागून पाणी प्यायली. एकदा दांडी धरून आत गेली, खिटी लागल्याचा आवाज आला, थोड्या वेळाने वर आली. त्यावर आम्ही दोघीही काही बोललो नाही. पण ती बसली होती माझ्या शेजारच्या सीटवर, आणि विंडशील्डची वरची पट्टी नेमकी तिच्या डोळ्यांच्या रेषेत येत होती. कधी मान उंच करायची, कधी खाली वाकून बघायची. परतताना म्हणाली, "ती दुसरी बोट छान होती गं. पुढे बसलं की समोर सगळं दिसायचं."

ज्या बोटीवर तिचे ते हाल झाले, तीच तिला आवडली होती. हे ऐकून मी खूप दिवस अस्वस्थ होते. मी तिच्यासाठी दार आणलं आणि त्याच साडेआठ फुटांतून तिची बसायची जागा काढून घेतली.

मुलगा म्हणतो, ड्युअल कन्सोल बघ, म्हणजे विंडशील्डमागे डावीकडे-उजवीकडे दोन कप्पे (कन्सोल) असलेली बोट. डाव्या कन्सोलच्या पोटात टॉयलेट असतं, त्याला दार असतं, आणि पुढे बोराइडरसारखं बसताही येतं. त्याचं म्हणणं खरं आहे. पण त्या कप्प्यात वाकून, अंग चोरून, पाठमोरं शिरावं लागतं, आणि नव्या बोटीची किंमत आम्हाला झेपणारी नाही. जुनी मिळाली तर बघू. नवरा म्हणतो, आता आहे तीच ठेवू. या ऑक्टोबरात मी पुन्हा शोला जाणार आहे. आईचा दुसरा गुडघाही दुखायला लागलाय, तेव्हा दाराची रुंदी नंतर, आधी पायरी मोजणार. नऊ इंचांपेक्षा खोल असली तर पुढचं काही बघायचं नाही.