नॉर्वेजियनचं पहिलं सत्र: इंग्रजी बाजूला ठेवा, मराठी हाताशी घ्या

नॉर्वेच्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी नॉर्वेजियनचे प्राथमिक वर्ग असतात. त्यांचा वेग चांगलाच असतो. सुरुवातीचे काही आठवडे इंग्रजीतून समजावून सांगतात, मग इंग्रजी कमी कमी होत जाते. मराठी विद्यार्थी मात्र शेवटपर्यंत इंग्रजीचं बोट धरून चालतो, कारण 'हूस', 'बूक', 'विन्तेर' असे शब्द इंग्रजीतले ओळखीचे वाटतात. माझ्या मते नुकसान तिथेच होतं. शब्द इंग्रजीशी जुळतात हे खरं, पण जीभ आणि कान यांच्या बाबतीत मराठी कितीतरी जास्त कामाची आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. नॉर्वेजियन लिहिण्याच्या अधिकृत पद्धती दोन आहेत, बूकमोल आणि न्यूनोर्स्क. नवशिक्यांच्या वर्गात बहुतेक ठिकाणी बूकमोल शिकवतात आणि उच्चार ओस्लोच्या आसपासचे असतात. पुढचं सगळं त्यालाच धरून आहे.

या उच्चारात 'र' आणि त्यानंतरचा 'त', 'द', 'न' एकत्र आले की 'र' नाहीसा होतो आणि पुढचं व्यंजन मूर्धन्य होतं, म्हणजे सरळ आपले ट, ड, ण. मूल या अर्थाचा शब्द लिहिताना 'बार्न' आहे, बोलताना अगदी आपला 'बाण'. 'झालं, संपलं' या अर्थाचा 'फॅर्दी' बोलताना 'फॅडी' होतो. 'र' नंतर 'स' आला तर 'ष' होतो, म्हणून भाषेचं नाव त्यांच्या तोंडी 'नॉष्क' असं ऐकू येतं. हे दोन शब्दांच्या सांध्यावरही घडतं: 'हार दू' (तुझ्याकडे आहे का) पटकन बोलताना 'हाडू' होतं. वर्गातल्या इतर देशांच्या मुलांना ही जागा सापडायला वेळ लागतो, आपल्याला ती तयारच मिळालेली असते.

पण याच ठिकाणी आपण घसरतोही. इंग्रजीतला 'टी' आपण 'ट' म्हणायला शिकलेलो असतो आणि तीच सवय इथे आणतो. नॉर्वेजियन 'टी' दातांजवळचा आहे, शब्दाच्या सुरुवातीला तर जवळपास 'थ': धन्यवाद म्हणजे 'थाक्क', 'टाक' नव्हे. 'खात्त' म्हणजे मांजर आणि 'खाट्ट' म्हणजे नकाशा. सगळा फरक त-टचा आहे. प्रत्येक 'टी' ला ट म्हणणारा माणूस मांजर मागतो आणि त्याला नकाशा मिळतो. सुरुवातीचे 'के' आणि 'पी' असेच हवेचा झोत घेऊन येतात, पण आधी 'स' असेल तर झोत नाही: मोठा म्हणजे 'स्तूर'.

स्वरांची लांबी मनावर घ्या. व्यंजन एकेरी असेल तर आधीचा स्वर बहुधा लांब, जोड असेल तर आखूड. 'थाऽक' म्हणजे छप्पर आणि 'थाक्क' म्हणजे आभार. मराठीत लांबीने अर्थ क्वचितच बदलतो, म्हणून कान तिकडे लक्ष देत नाही. शहराला जो शब्द आहे तो 'बी' म्हणताना ओठ शीळ घालण्यासारखे गोल करा, जीभ मात्र ई च्या जागी ठेवा. ओठ सपाट राहिले तर तो शब्द राहत नाही. रोज दहा मिनिटं शिक्षकांच्या रेकॉर्डिंगवरून श्रुतलेखन करा आणि चुकलेल्या शब्दांमधले स्वर लांब होते की आखूड एवढंच तपासा. व्याकरणाच्या तक्त्यांपेक्षा पहिल्या महिन्यात याचा जास्त उपयोग होतो.

क्रियापदांना घाबरायचं कारण नाही, ती पुरुष-वचनाप्रमाणे बदलतच नाहीत. नामांची लिंगं तीन आहेत, पण मराठी लिंगावरून अंदाज बांधू नका. नाम नेहमी त्याच्या एन, ॲय किंवा एत (अनुक्रमे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी 'एक') सकट पाठ करा. बूकमोलमध्ये स्त्रीलिंगी नाम बहुतेक ठिकाणी पुल्लिंगीसारखं वापरलेलं चालतं, म्हणून खरी पाठांतराची गरज 'एत' वाल्या नामांना. निश्चितता दाखवणारा शब्द नामाच्या शेवटी चिकटतो: 'एत हूस' एक घर, 'हूसे' ते घर (शेवटी 'टी' लिहितात, उच्चारत नाहीत). विशेषण आलं की तीच खूण दोनदा लागते, 'दे स्तूरे हूसे'. नवशिके यातली मागची खूण विसरतात.

सगळ्यात जास्त गुण जातात ते शब्दक्रमात. विधान करणाऱ्या मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी, सुरुवात कशानेही झाली तरी. 'आज मी वाचतो' हे 'इ दाग लेसेर यॅय', म्हणजे आज-वाचतो-मी. पहिली जागा म्हणजे पहिला शब्द नव्हे, पहिला पूर्ण घटक. तो अख्खं उपवाक्यही असू शकतो: 'नोर यॅय खॉम्मेर येम्म, लागेर यॅय मात' (मी घरी आलो की स्वयंपाक करतो). स्वल्पविरामानंतर मुलं श्वास घेतात आणि नवीन वाक्य सुरू झाल्यासारखी 'यॅय लागेर' म्हणतात. उपवाक्यात नकार क्रियापदाच्या आधी सरकतो: 'यॅय फॉष्टोर इक्के' (मला समजत नाही), पण 'फॉडी यॅय इक्के फॉष्टोर' (कारण मला समजत नाही). दोन्ही मोठ्याने इतक्या वेळा म्हणा की चुकीचं कानाला खटकेल.

दोन ठिकाणी मराठी थेट मदतीला येते. 'तो आपली गाडी धुतो' आणि 'तो त्याची गाडी धुतो' यातला फरक त्यांच्याकडेही आहे: आपली म्हणजे 'सिन', त्याची म्हणजे 'हान्स'. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला हे अवघड जातं. सावधगिरी एकच: मराठीत 'मी आपलं काम करतो' चालतं, पण 'सिन' फक्त तृतीय पुरुषासाठी. दुसरी गोष्ट आकड्यांची. आपल्या बावन्नसारखं 'दोन आणि पन्नास' अशीच त्यांची जुनी मोजणी होती. फोन नंबर सांगताना घोटाळे होत, म्हणून १९५१ मध्ये ती अधिकृतपणे बदलून 'पन्नास-दोन', म्हणजे 'फेमतितू' केली. वर्गात नवीच शिकवतात, जुनी वयस्क लोकांकडून आजही ऐकायला मिळते.

नकारार्थी प्रश्नाला मात्र मराठी सवयीने उत्तर देऊ नका. 'तू येणार नाहीस का?' याला आपण 'हो, नाही येणार' म्हणतो. तिथे येणार नसाल तर नुसतं 'नॅय', आणि येणार असाल तर 'या' नव्हे, 'यू'.

शब्दांची लिंगं आणि रूपं पाहायला बेर्गन विद्यापीठ आणि नॉर्वेच्या भाषा परिषदेचा बूकमोल शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे. ट्रॉन्डहाइमच्या एनटीएनयू विद्यापीठाचा प्राथमिक अभ्यासक्रमही तसाच खुला आहे, वर्ग सुरू होण्याआधी त्याचे पहिले धडे करून जा. वर्गाबाहेर बोलीभाषांची तयारी ठेवा, कारण बोलण्याला अधिकृत प्रमाण रूप नाही. पुस्तकातलं 'यॅय' (मी) ट्रॉन्डहाइमच्या बसमध्ये 'ॲ' होतं, बेर्गनमध्ये 'एग'. आणि बेर्गनमध्ये 'र' घशातून येत असल्याने वरचा ट-ड-ण चा नियम तिथे लागूच होत नाही. तिथे शिकणार असाल तर शिक्षक कोणता 'र' वापरतात ते पहिल्याच तासाला विचारून घ्या.