एवढी मोठी लेन्स टोचत नाही का?

स्क्लेरल लेन्स, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी कडक कॉन्टॅक्ट लेन्स, समोर ठेवली की बहुतेक जण आधी हेच विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही टोचत, आणि ती मोठी आहे म्हणूनच टोचत नाही.

कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, अतिशय नाजूक, बारीकसा कणही त्याला सोसत नाही. लहान कडक लेन्स नेमकी त्याच्यावर बसते आणि पापणीखाली हलत राहते. केराटोकोनस या आजारात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. मग ती त्या टोकाला घासते, नाहीतर निसटते. स्क्लेरल लेन्सचा व्यास साधारण 15 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. ती कॉर्नियाला स्पर्श न करता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. मधल्या जागेत सलाइन, म्हणजे निर्जंतुक मिठाचं पाणी, असतं. कॉर्नियाचे उंचसखल भाग त्यात झाकले जातात आणि चष्म्याने न दिसणारी अक्षरं दिसू लागतात. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोममुळे (बहुधा औषधाच्या तीव्र रिअ‍ॅक्शनने होणारा गंभीर आजार) कोरडे पडलेले डोळेही त्या पाण्याखाली ओलसर राहतात.

खरं कौशल्य लेन्सच्या कडेला लागतं. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, मी आधी कडेजवळच्या रक्तवाहिन्या बघते. लेन्स दाबत असेल तिथे त्या पांढुरक्या पडतात. त्या वेळी पेशंटला काहीच जाणवत नाही, पण संध्याकाळी डोळा लाल होतो, ठणकतो. पांढरा भाग सगळीकडे सारखा गोल नसतो, म्हणून कडेचा उतार एका दिशेला वेगळा मागवावा लागतो. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली तरी ही दाबलेली कड मी सोडून देत नाही.

लेन्स हळूहळू खाली बसत जाते, तशी मधली जागा कमी होते. म्हणून लावल्या लावल्या घेतलेलं माप धरायचं नाही. ट्रायल लेन्स घालून निदान अर्धा तास बसवते. कंटाळा येतो, कळतं मला, पण घाई करून चालत नाही.

घरी लावताना चेहरा जमिनीला समांतर ठेवा, लेन्स प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाइनने काठोकाठ भरा. बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा लावा. नळाचं पाणी लेन्सला अजिबात लावू नका. त्यातल्या अकँथअमीबा या सूक्ष्मजीवाच्या संसर्गाने नजर जाऊ शकते. दुपारनंतर धूसर दिसू लागलं तर काढून, ताजं सलाइन भरून परत घाला. डोळा दुखत असेल किंवा उजेड सहन होत नसेल, तर मात्र लेन्स काढून ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि नजर सुधारली म्हणून पुढच्या तपासण्या टाळू नका. लेन्सने केराटोकोनस थांबत नाही. तो वाढत असेल तर क्रॉस-लिंकिंगबद्दल, म्हणजे कॉर्निया मजबूत करायच्या उपचाराबद्दल, डॉक्टरांशी बोला, आणि डोळे चोळणं आजपासून बंद करा.