इंग्लिशचे भारी शब्द पाठ करण्यापेक्षा त्यांची संगत बघा

व्होकॅब्युलरी वाढवायची ठरवलं की बहुतेक जण आधी एक लांबलचक लिस्ट डाउनलोड करतात, डावीकडे शब्द उजवीकडे मराठी अर्थ, आणि मग रोजचा कोटा ठरवून घोकंपट्टी सुरू. मला ही पद्धत अजिबात पटत नाही. लिस्टमधला अर्थ चुकीचा नसतो, पण तो अर्धाच असतो, आणि अर्ध्या अर्थाच्या जोरावर वाक्य केलं की ग्रामर अगदी बरोबर असूनही ऐकणाऱ्याला कुठेतरी खटकतं.

'कमी करणे' हाच अर्थ घ्या. लिस्टमध्ये मिटिगेट, अलीव्हिएट, अले, अस्वेज या चारही शब्दांपुढे थोड्याफार फरकाने हेच लिहिलेलं असतं. आता वजन मिटिगेट होतं का? नाही होत, वजन, किंमत, स्पीड हे सगळं साधं रिड्यूस होतं. मिटिगेट करतात ती रिस्क, किंवा एखाद्या वाईट गोष्टीचा परिणाम, म्हणजे ती गोष्ट टळत नाही पण तिची झळ कमी बसते, म्हणून तर कोर्टात शिक्षा सौम्य व्हावी यासाठी मांडतात त्या परिस्थितीला मिटिगेटिंग सर्कमस्टान्सेस म्हणतात. अलीव्हिएट बहुतेक वेळा वेदना, त्रास, गरिबी यांच्यासोबत येतो. अले म्हटलं की पुढे भीती किंवा शंका हमखास येणार, अले फिअर्स, अले सस्पिशन्स. आणि अस्वेज बऱ्याचदा गिल्टबरोबर दिसतो, मनाला लागलेली टोचणी शांत करणं. चार शब्द, चारांची संगत वेगळी, आणि लिस्टमध्ये नेमकी हीच संगत गायब असते.

जे. आर. फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषातज्ज्ञाने १९५७ मध्येच सांगून ठेवलंय की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. आपल्याच भाषेत बघा ना, आपण शर्ट घालतो, चष्मा लावतो, घड्याळ बांधतो, आणि हे कोणी आपल्याला लिस्ट देऊन शिकवलं नाही, कानावर पडत गेलं आणि बसलं. इंग्लिश तेवढं कानावर पडत नाही म्हणून तिथे ही संगत मुद्दाम गोळा करावी लागते, एवढाच फरक आहे.

माझ्या वहीत म्हणून एका शब्दाला अर्धं पान असतं. वर शब्द, खाली जिथे भेटला ते अख्खं वाक्य, मग त्याच्या मागे-पुढे येणारे दोन-तीन सोबती, आणि सगळ्यात शेवटी मराठी अर्थ, तोही वाटलं तरच. असं केल्याने शब्द कमी होतात हे खरंय, पण जे होतात ते बोलताना तोंडात येतात, आणि मला तेच हवंय.

डिक्शनरी लर्नर्सवाली घ्या हे मी अगदी आग्रहाने सांगेन. १९७८ मध्ये लाँगमनने एक डिक्शनरी काढली तिच्यात सगळे अर्थ साधारण २००० सोप्या शब्दांतच समजावलेत, म्हणजे एक अवघड शब्द बघायला गेलो आणि त्याच्या अर्थात अजून दोन अवघड शब्द निघाले असं होत नाही. १९८७ ची कोबिल्ड तर अर्थच पूर्ण वाक्यात देते, त्यामुळे शब्द कसा वापरायचा ते अर्थ वाचतानाच कळतं.

किती शब्द लागतात हे पण सगळे विचारतात. पॉल नेशन या अभ्यासकाने २००६ मध्ये हिशोब मांडला होता, कादंबरी किंवा पेपर कोणाच्या मदतीशिवाय वाचायचा तर ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं लागतात (कुटुंब म्हणजे डिराइव्ह, डेरिव्हेशन, डेरिव्हेटिव्ह हे सगळे मिळून एक). आकडा बघून घाबरू नका, बरेचसे आधीच येत असतात. आणि सुरुवात अगदी दुर्मिळ शब्दांपासून करूच नका! एव्हरिल कॉक्सहेड या भाषा अभ्यासिकेने २००० मध्ये अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट प्रसिद्ध केली, त्यात फक्त ५७० कुटुंबं आहेत, इनहेरंट, सब्सिक्वंट, अँबिग्युअस असे कुठल्याही विषयाच्या अभ्यासात सतत भेटणारे. हे पक्के झाल्याशिवाय पुढे जाण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. हो, ही पण लिस्टच आहे, पण ती काय शिकायचं ते ठरवायला वापरायची, पाठ करायला नाही.

लॅटिन मुळं शिकण्यात मात्र खूप मजा आहे. 'लोक्वी' म्हणजे बोलणं हे एकदा कळलं की एलोक्वंट, लोक्वेशस, कलोक्विअल, सोलिलोक्वी सगळे एका घरचे वाटायला लागतात आणि लक्षात राहतात. फक्त त्यावरून अंदाज बांधला की डिक्शनरीत तपासायचाच. एनर्व्हेट वाचून वाटतं अंगात एनर्जी आली, अर्थ बरोबर उलटा, गळून जायला लावणं, कारण मूळ लॅटिनमध्ये तो स्नायूंची शीर काढून घेण्याचा शब्द आहे. तसंच डिसइंटरेस्टेड, नीट लिहिणारे लोक तो निःपक्षपाती या अर्थाने वापरतात, रस नसलेला या अर्थाने नाही.

उजळणीबद्दल थोडक्यात. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं, म्हणून उजळणी आधी लवकर आणि मग अंतर वाढवत करायची, अँकीसारखी फ्लॅशकार्डची अ‍ॅप्स हे अंतर आपोआप सांभाळतात. फक्त कार्डावर शब्द आणि अर्थ असं न टाकता वाक्य टाका आणि शब्दाची जागा रिकामी ठेवा, म्हणजे संगतीवरून शब्द आठवायची सवय लागते.

आणि उच्चार! वाचून शिकलेल्या शब्दांचा इथेच घोळ होतो. हायपरबोल नाही, हायपर्बली. एपिटोम नाही, इपिटमी. सेग नाही, सेग्वे. आपल्याकडे देवनागरी आहे तर शब्दाच्या शेजारी उच्चार लगेच लिहून टाकायचा, बऱ्यापैकी जवळ जातो. जोर कुठल्या अक्षरावर आहे ते देवनागरीत दिसत नाही म्हणून मी त्या अक्षराखाली रेघ मारते, हायपर्बलीत 'पर्' खाली, इपिटमीत 'पि' खाली, आणि ऑनलाइन डिक्शनरीतलं स्पीकरचं बटण दाबून ऐकल्याशिवाय रेघ मारत नाही.